जुन्या गाण्यांचा सातबारा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले रिदम अँड ब्लूज आणि त्याच्या पोटी जन्मलेले सोल हे संगीत आज जगभर ऐकले जाते. मात्र ते ज्या वर्षी निघाले त्या वर्षी, मूळ तबकडीवर ऐकलेले श्रोते आता फार थोडे उरले आहेत. बाकीचे सगळे ते संकलनांतून ऐकत आले: 'निवडक', 'सुवर्णकाळ', 'सर्वोत्तम वीस' अशा नावांनी निघणाऱ्या एलपी, कॅसेटी आणि सीडींतून. संकलन ही आपण एक सोय समजतो. दहा ठिकाणी विखुरलेली गाणी एके जागी मिळाली, एवढेच. या लेखात त्याच संकलनांना दोन प्रश्न विचारायचे आहेत. यात कोणती गाणी यावीत हे कोणी ठरवले? आणि विक्रीचे पैसे कोणाकडे गेले?

तीन महिन्यांचे आयुष्य

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३ फेऱ्यांची एलपी आणली आणि १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. एलपी महाग होती. ती प्रामुख्याने अभिजात संगीत आणि नाट्यगीते ऐकणाऱ्या प्रौढांसाठी होती. कृष्णवर्णीय वस्त्यांतले संगीत मात्र छोट्या तबकडीवरच जगले. दोन बाजूंना दोन गाणी, प्रत्येक सुमारे तीन मिनिटांचे. ज्यूकबॉक्समध्ये आणि रेडिओवर ते दोन-तीन महिने वाजायचे आणि मग नव्या गाण्याला जागा करून द्यायचे. काढणाऱ्या कंपन्याही लहान असत. कित्येकींचा संसार एका खोलीत आणि एका मोटारीच्या डिकीत मावणारा.

या संगीताचे नावसुद्धा धंद्यातून आले. 'बिलबोर्ड' हे व्यवसायाचे साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची यादी 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या तबकड्या, या मथळ्याखाली छापत असे. जून १९४९ मध्ये तो मथळा बदलून 'रिदम अँड ब्लूज' झाला. हे नाव सुचवणारे तेथील तरुण वार्ताहर जेरी वेक्सलर पुढे १९५३ मध्ये अटलांटिक कंपनीत भागीदार म्हणून गेले. या कथेत ते पुन्हा भेटतील.

'जुने पण चांगले'

पहिले महत्त्वाचे संकलन कोणा मोठ्या कंपनीने काढलेले नाही. ते लॉस एंजेलिसमधील रेडिओ निवेदक आर्ट लॅबो यांनी काढले. मूळचे आर्मेनियन घराण्यातले लॅबो एका ड्राइव्ह-इन उपाहारगृहातून थेट कार्यक्रम करत. मोटारीत बसलेली मुले-मुली त्यांच्याकडे गाण्यांची फर्माईश करायची, बरोबर कोणासाठी ते नावही सांगायची. लॅबो यांच्या लक्षात आले की ही मुले नवे गाणे मागण्याऐवजी चार-पाच वर्षांपूर्वीचे मागतात, आणि ते दुकानात मिळत नाही.

१९५९ मध्ये त्यांनी स्वतःच्या 'ओरिजिनल साउंड' या कंपनीतर्फे 'ओल्डीज बट गुडीज' ही एलपी काढली. मूळ गायकांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचीच ती निवड होती. त्यासाठी त्यांना एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांकडून एकेका गाण्याचा परवाना मिळवावा लागला. असे पूर्वी क्वचितच कोणी केले होते. ही एलपी बिलबोर्डच्या यादीत १८३ आठवडे टिकली.

या निवडीमागचा श्रोता कोण होता, हेही पाहण्यासारखे आहे. शहराच्या नियमांमुळे किशोरवयीनांच्या नृत्याचे कार्यक्रम लॉस एंजेलिसच्या हद्दीत करणे अवघड होते, म्हणून लॅबो ते बाहेर एल मॉंटे येथील सभागृहात करत. तिथे कृष्णवर्णीय, गोरे आणि मेक्सिकन वंशाचे तरुण एकत्र नाचत. त्या भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन घरांत ही जुनी गाणी पुढच्या पिढ्यांकडे वारशाने गेली. लॅबो यांचा फर्माइशींचा कार्यक्रम २०२२ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू होता. त्यांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: निवड श्रोत्यांनी केली.

हद्द कोणी आखली?

पुढे कंपन्या स्वतःच आपला इतिहास लिहू लागल्या. अहमत एर्तेगुन आणि हर्ब अब्रामसन यांनी १९४७ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन केलेल्या अटलांटिकने १९६८ पासून आपल्या जुन्या गाण्यांची 'हिस्ट्री ऑफ रिदम अँड ब्लूज' ही मालिका काढली आणि १९८५ मध्ये '१९४७-७४' असा काळ मुखपृष्ठावर छापून सात जोड-एलपींचा मोठा संच काढला. संच उत्तमच आहे. मात्र त्यात इतिहास म्हणून समोर येते ती मुख्यतः एका कंपनीची मालमत्ता. शेजारच्या शहरात त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने काढलेले तितकेच मोलाचे गाणे या इतिहासात सापडेलच असे नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचे आहे. बँकेत नोकरी करणारे आणि फावल्या वेळात फिडल वाजवणारे जिम स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या थोरल्या भगिनी एस्टेल ॲक्स्टन हे या कंपनीचे मालक. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेण्यासाठी एस्टेलबाईंनी घर गहाण टाकले. १९६० मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय वस्तीतले एक बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले. पडद्याच्या जागी स्टुडिओ आला आणि खाद्यपदार्थांच्या काउंटरवर एस्टेलबाईंचे तबकड्यांचे दुकान. दुकानात येणारी वस्तीतली मुलेच पुढे वादक, गीतकार, गायक झाली. मेम्फिसमध्ये काळे-गोरे एकत्र जेवूही शकत नव्हते, तेव्हा या स्टुडिओतला मुख्य वाद्यवृंद काळ्या-गोऱ्यांचा मिश्र होता.

स्टॅक्सच्या तबकड्यांचे देशभर वितरण अटलांटिक करत असे. सुरुवातीला व्यवहार वेक्सलर यांच्याशी तोंडी झाला होता. १९६५ मध्ये त्याचा लेखी करार झाला आणि स्ट्यूअर्ट यांनी तो नीट न वाचता सही केली. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनी वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सला विकली गेली. त्याच डिसेंबरात स्टॅक्सचा सर्वांत मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. १९६८ मध्ये वेगळे व्हायची वेळ आली तेव्हा स्ट्यूअर्ट यांना समजले की करारातल्या एका कलमानुसार अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व तबकड्यांची मूळ ध्वनिमुद्रणे अटलांटिकच्या मालकीची होती. आठ वर्षांचे काम एका सहीने गेले. स्टॅक्स त्यातूनही उभी राहिली, परंतु १९७५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत बंद पडली. तिच्या नंतरच्या काळातील ध्वनिमुद्रणे १९७७ मध्ये फँटसी या कॅलिफोर्नियातील कंपनीने घेतली.

आता संकलनाकडे वळू. १९९१ मध्ये अटलांटिकने स्टॅक्सच्या सर्व छोट्या तबकड्यांचा नऊ सीडींचा संच काढला. त्यात २४४ गाणी आहेत. मुखपृष्ठावर काळ आहे १९५९ ते १९६८. नंतरच्या वर्षांचे दोन संच फँटसीने १९९३ आणि १९९४ मध्ये काढले. नवा श्रोता सहज समजतो की १९६८ मध्ये या संगीताचे एक पर्व संपले असावे. काही अंशी ते खरेही आहे. पण संच तिथे थांबला तो संगीताच्या कारणाने थांबलेला नाही. ती सातबाऱ्यावरची हद्द आहे. पुढचे शेत दुसऱ्याच्या नावावर होते.

रूथ ब्राऊन यांचा हिशेब

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका गायिकेच्या आयुष्यातून मिळते. व्हर्जिनियातील पोर्ट्समथ येथे १९२८ साली जन्मलेल्या रूथ ब्राऊन यांनी १९४९ मध्ये अटलांटिकसाठी गायला सुरुवात केली. १९५० आणि १९५३ मध्ये त्यांची गाणी रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. नवख्या कंपनीला त्यांनी असे सावरले की लोक अटलांटिकला 'रूथने बांधलेले घर' म्हणू लागले.

१९६१ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. पुढच्या वर्षांत मुलांना वाढवण्यासाठी त्यांनी लोकांकडे घरकाम केले, शाळेची बस चालवली. या काळात त्यांची जुनी गाणी पुन्हापुन्हा विकली जात होती, पण त्यांच्या हाती काही येत नव्हते. याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत होते. लेखकाला रॉयल्टी मिळते तशी गायकाला विक्रीवर काही टक्के मिळायची. मात्र स्टुडिओचे भाडे, वादकांचे पैसे असा ध्वनिमुद्रणाचा खर्च आधी गायकाच्या नावे उधार लिहिला जाई आणि तो फिटेपर्यंत रॉयल्टी खात्यातच वळती होई. टक्केवारी इतकी कमी असे की कर्ज फिटायचेच नाही. करार संपल्यावर हिशेबाचे कागद येणेही थांबत असे. संकलन काढणाऱ्या कंपनीसाठी अशी गाणी म्हणजे पेरणीचा खर्च नसलेले पीक होते.

हॉवेल बेगल हे वॉशिंग्टनचे वकील रूथ ब्राऊन यांचे चाहते होते. जुन्या एलपींवर सही घ्यायला ते गेले आणि त्यांना समजले की या तबकड्यांचे पैसे बाईंना मिळतच नाहीत. त्यांनी हे प्रकरण हाती घेतले आणि काही वर्षे नेटाने लढवले. रूथ ब्राऊन यांनी अमेरिकी काँग्रेससमोरील सुनावणीतही साक्ष दिली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अटलांटिकने त्यांच्यासह त्यांच्या पिढीतल्या आणखी ३५ कलाकारांची जुनी उधारी माफ केली आणि मागील वीस वर्षांची रॉयल्टी देण्याचे मान्य केले. या लढ्यातूनच १९८८ मध्ये वृद्ध कलाकारांना मदत करणारी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी रूथ ब्राऊन यांना ब्रॉडवेवरील भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला. सीडींची आणि जुन्या गाण्यांच्या संचांची भरभराट नेमकी याच सुमारास सुरू झाली, त्यामुळे या तडजोडीचे महत्त्व केवळ नैतिक राहिले नाही.

न चाललेल्या गाण्यांचा इतिहास

तिसरी वाट इंग्लंडमधून निघाली. डेव्ह गॉडिन हे पत्रकार लंडनमध्ये सोल संगीताचे दुकान चालवत. फुटबॉल सामन्यांसाठी उत्तरेकडून येणारी मुले नवी गाणी सोडून साठच्या दशकातली वेगवान गाणीच मागतात, हे त्यांनी पाहिले. त्या आवडीला त्यांनी १९७० च्या सुमारास 'नॉर्दर्न सोल' असे नाव दिले. विगन कसिनो या नृत्यगृहात १९७३ ते १९८१ या काळात कामगार वस्त्यांतले तरुण रात्रभर अशा गाण्यांवर नाचत. इथे यशस्वी गाण्याला किंमत नव्हती. अमेरिकेत अजिबात न चाललेले गाणे श्रेष्ठ. तबकडी कोणती हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून वाजवणारे तिच्या मधल्या लेबलवर कागद चिकटवत. फ्रँक विल्सन यांच्या १९६५ मधील एका रद्द झालेल्या तबकडीच्या मोजक्याच प्रती उरल्या. त्यांतली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली.

या हौसेमुळे चोरट्या तबकड्यांचाही सुकाळ झाला. १९८२ मध्ये एस कंपनीच्या 'केंट' या शाखेने रीतसर परवाने घेऊन, माहितीपर टिपणांसह अशा गाण्यांची संकलने काढायला सुरुवात केली. गॉडिन यांनीही १९९७ पासून केंटसाठी संथ, आर्त गाण्यांची 'डीप सोल ट्रेझर्स' ही मालिका निवडली. यादीतले क्रमांक बाजूला ठेवून एका जाणत्या माणसाने केलेली ही निवड आहे.

याच मार्गाने शिकागोची न्यूमेरो ग्रुप ही संस्था पुढे गेली. २००४ मधील तिचे पहिले प्रकाशन ओहायो राज्याची राजधानी कोलंबस येथील 'कॅपसोल' या कंपनीचे संकलन होते. रेडिओ निवेदक बिल मॉस यांनी सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी काढलेली ही कंपनी काही वर्षांतच बंद पडली होती. कॅपसोलचे नाव कोलंबसबाहेर केवळ संग्राहकांना ठाऊक होते. तीस वर्षांनी निघालेल्या त्या एका सीडीने एका मध्यम शहराला सोलच्या नकाशावर आणले. मॉस यांनी ती पाहिली. पुढच्याच वर्षी ते वारले.

मलपृष्ठावरची बारीक अक्षरे

निवड टाळण्याचेही प्रयत्न झाले. मोटाउन कंपनीच्या १९५९ ते १९७२ मधल्या साऱ्या छोट्या तबकड्या, चाललेल्या आणि पडलेल्या, २००५ ते २०१३ या काळात चौदा खंडांत निघाल्या. पण एवढे ऐकणारा श्रोता विरळा. बहुतेकांना कोणीतरी निवडून दिलेलेच हवे असते, आणि त्यात गैर काही नाही. फक्त निवडणारा कोण, हे कळायला हवे.

एलपीच्या किंवा सीडीच्या मलपृष्ठावर ते कळत असे. प्रत्येक गाण्याचे वर्ष, मूळ कंपनी, वादकांची नावे आणि तळाशी 'अमुक यांच्या परवानगीने' अशी बारीक अक्षरे. बेगल यांनी सहीसाठी नेलेल्या एलपी म्हणजे हातात धरता येणाऱ्या वस्तू होत्या. विषय तिथून निघाला. आज फोनवरच्या यादीत साठ वर्षांपूर्वीचे गाणे सुरू होते तेव्हा पडद्यावर नाव दिसते आणि एक चित्र. वर्ष बहुधा पुनर्प्रकाशनाचे असते. गाणे पूर्वी कधी नव्हते इतके सहज हाताशी आहे. ते कोणाच्या नावावर आहे, हे वाचायला मात्र मलपृष्ठ उरलेले नाही.