यंत्र मुरते की कान?

लोणचे मुरावे लागते. नवी वहाण चार दिवस पायाला चावते आणि मग पायाचीच होऊन जाते. वापराने वस्तू सुधारते हा आपला नित्याचा अनुभव आहे. म्हणूनच कानाच्या नळीत बसवावयाचे छोटे इअरफोन विकत घेणाऱ्याला जेव्हा कोणी सांगते की, ‘पहिले शंभर तास ते वाजू द्या, मग त्यांचा आवाज खुलेल,’ तेव्हा ते वचन त्याला सहज पटते.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याला एका दुकानदाराने हाच सल्ला दिला होता, आणि तोही भर आवाजात वाजवण्याचा. इअरफोन टेबलावर ठेवून वाजवले तरी चालतील, हे त्याला कोणी सांगितले नाही. त्याने ते कानांत घालून महिनाभर रोज रात्री वाजवले. महिन्याअखेर ‘आता आवाज मऊ झाला’ असे तो आनंदाने सांगू लागला. आणि त्याच सुमारास, निजताना कानांत बारीक शिटी ऐकू येते, अशी तक्रारही करू लागला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल काय, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कानाशी यंत्र धरून दूरचे संगीत ऐकण्याची हौस फार जुनी आहे. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्याने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक बसवले होते. प्रदर्शनातील श्रोते दोन कानांशी दोन टेलिफोन धरून ते गायन ऐकत. पुढे १८९१ मध्ये एर्नेस्त मर्कादिए या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने, कानात घालावयाच्या, वजनाने हलक्या अशा जोड-टेलिफोनचे अमेरिकन पेटंट मिळवले. कानात बसणाऱ्या आजच्या इअरफोनचा तो पूर्वज म्हणावयास हरकत नाही. १९१० मध्ये अमेरिकेच्या युटा प्रांतातील नॅथानियल बाल्डविन यांनी तयार केलेले हेडफोन तेथील नौदलाने स्वीकारले.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा ज्यांच्या घरी साधा स्फटिकाचा रेडिओ होता त्यांना हेडफोनवाचून गत्यंतर नव्हते. कारण त्या रेडिओला वेगळी वीज नसे आणि त्याचा क्षीण आवाज कानाशी धरल्याखेरीज ऐकू येत नसे. त्या हेडफोनमध्ये लोखंडी पडदा आणि पोलादी चुंबक असे. अशा चुंबकाची शक्ती काळाने आणि आपटण्याने कमी होत असे. म्हणजे तेव्हाही वापराने आवाज बदले, परंतु तो बदल सुधारणेचा नसून झिजेचा होता.

आज कानात बसणारे जे इअरफोन मिळतात त्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. दुसऱ्यात चुंबकांच्या मध्ये एक अतिशय लहान धातूची पट्टी कंप पावते. ही रचना श्रवणयंत्रांतून आलेली आहे. अमेरिकेतील मीड किलियन यांच्या संस्थेने १९८४ मध्ये संशोधनासाठी आणि १९९१ मध्ये संगीतप्रेमी लोकांसाठी कानाच्या नळीत बसणारे इअरफोन बाजारात आणले, तेव्हापासून हा प्रकार सर्वत्र पसरला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठ्या ध्वनिक्षेपकाचा पडदा ज्या लवचिक कडेवर टांगलेला असतो, ती कड आरंभीच्या वापराने थोडी सैल होते, आणि मोजमापात हा फरक दिसतो. इअरफोनचा पडदा मात्र सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असतो आणि त्याची हालचाल अत्यल्प असते. त्यात काही बदल झालाच, तरी इअरफोन कानातून काढून पुन्हा बसवताना जागा किंचित बदलल्याने पडणारा फरक त्याहून मोठा ठरतो. शिवाय श्रवणतपासणीसाठीही कानात बसणारे इअरफोन वापरले जातात आणि त्यांचे मोजमाप ठरावीक काळाने ताडून पाहतात. पहिल्या शंभर तासांत त्यांचा आवाज ऐकणाऱ्याला जाणवण्याइतका पालटत असता, तर नव्या उपकरणावर आज घेतलेल्या तपासणीची पुढच्या महिन्यातील तपासणीशी तुलनाच करता आली नसती.

‘परंतु वाद्ये तर वाजवून खुलतात ना?’ असे कोणी विचारील. मिरजेच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानांना हा प्रश्न पडणे साहजिकच आहे. पण तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून घासून खाचा पडतात आणि त्याचा नाद बिघडतो. मग कारागिराला पुन्हा जवारी काढावी लागते. तेथे नाद वापराने खुलत नाही, कारागिराच्या हाताने खुलतो. व्हायोलिनविषयी तर प्रत्यक्ष प्रयोगच झाले आहेत. ऑस्ट्रेलियात एकाच लाकडाची दोन व्हायोलिने एकाच वेळी करून घेण्यात आली. एक सिडनीच्या संग्रहालयात ठेवले आणि दुसरे एका व्यावसायिक वादकाने नियमाने वाजवले. तीन वर्षांनंतर वादकांनी दोन्ही तपासली, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे घालून तीन जुनी, अत्यंत मौल्यवान आणि तीन नवी व्हायोलिने वाजवावयास दिली. घरी न्यावयाचे झाल्यास कोणते न्याल, असे विचारता केवळ आठ जणांनी जुने वाद्य निवडले.

मग ‘आवाज खुलला’ असे म्हणणारे सगळेच खोटे बोलतात काय? तसे मुळीच नाही. त्यांना फरक खरोखरच जाणवतो. परंतु तो बहुधा यंत्रात नसून ऐकणाऱ्यात असतो. १९९८ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी काही व्यक्तींच्या कानांच्या पाळीत साचे बसवून तिचा आकार बदलला. आवाज वरून येतो की खालून, हे त्यांना लगेच ओळखता येईनासे झाले. काही आठवड्यांत मात्र मेंदूने नव्या कानाची भाषा शिकून घेतली. आणि विशेष म्हणजे साचे काढल्यावर जुनी भाषाही तो विसरला नव्हता. नवा इअरफोन हा एका परीने नवा कानच होय. आरंभी परका वाटणारा त्याचा स्वर काही दिवसांनी ओळखीचा होतो, आणि ओळखीचे ते गोड वाटते.

यंत्राच्या बाजूने होणारे खरे बदल अगदी साधे असतात. टोकावरची रबरी किंवा स्पंजाची टोपी सैल झाली की कान नीट बंद होत नाही आणि खर्जाचे स्वर निसटून जातात. जाळीत कानातला मळ साचला की आवाज मंद होतो. माझ्या स्वतःच्या इअरफोनची डावी बाजू निकामी झाली असे मी धरून चाललो होतो. कोरड्या मऊ ब्रशने जाळी साफ करताच ती पूर्ववत बोलू लागली.

राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न, आणि माझ्या मते खरे महत्त्वाचे तेच आहे. मोठा आवाज दीर्घकाळ ऐकला की श्रवणशक्ती काही तास बधिर होते आणि कानांत शिटी वाजते. अशा बधिर कानाला पूर्वी टोचणारे तीव्र स्वर मऊ वाटले, तर त्यात नवल नाही. त्याने ज्याला यंत्राचे मुरणे म्हटले, ते कदाचित त्याच्या कानाचे थकणे असावे. कानाच्या आतील शंखाकृती भागात जन्मतः सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तीव्र स्वर टिपणाऱ्या पेशी सहसा आधी जातात. मग ‘स’ आणि ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात, आणि माणसे पुटपुटून बोलतात असे वाटू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, असुरक्षित ऐकण्यामुळे सुमारे ११० कोटी तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे. २०१९ मध्ये त्याच संघटनेच्या सहभागाने जी मर्यादा ठरली, ती प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला अवघे पाच.

त्या मुलाला आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले. सुदैवाने तपासणीत कायमची हानी दिसली नाही. महिनाभर इअरफोन बंद ठेवल्यावर शिटीही थांबली. त्यानंतर तो म्हणाला, ‘सर, तेच इअरफोन आता पुन्हा टोचतात!’ मी त्याला इतकेच सांगितले की, टोचतात हे उत्तम लक्षण आहे. आवाज थोडा कमी कर.

श्रोतेहो, इअरफोन बिघडले तर दुसरे मिळतात. कान मात्र देवाने एकदाच दिलेले आहेत. म्हणून यंत्र मुरावे अशी वाट पाहत बसण्यापेक्षा आवाजाची कळ एक घर खाली आणावी, हे अधिक शहाणपणाचे होय.