एका जागी बसण्याचा खर्च

आज आपणा बहुतेकांच्या खिशात एक लहानसे यंत्र आहे, आणि हे व्याख्यान संपेपर्यंत ते अनेकदा आपले लक्ष मागणार आहे. 'कशात मन लागत नाही' ही तक्रार आता घरोघर ऐकू येते. तिच्यावर आपण एकमेकांना निग्रहाचा उपदेश करतो. आपल्या नाशिकच्या डोंगरात मात्र या प्रश्नाचा चक्क जमाखर्च कोरून ठेवलेला आहे.

पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे येते. त्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. साल 42, महिना वैशाख. लेणे संघाला दिल्याचे सांगून तो थांबत नाही. भिक्षूंसाठी त्याने 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी 2000 गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आता हिशेब करून पाहा: दरमहा वीस, वर्षाचे 240, आणि वीस बारे 240! एक नाणे कमी नाही की जास्त नाही. हा सारा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे.

वर्षावास म्हणजे पावसाळ्यात फिरती थांबवून एके ठिकाणी राहणे. हा नियम एकाग्रतेसाठीच झाला, असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत व जीवजंतू तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती, असे विनयपिटक सांगते. पण कारण काहीही असो, वीस माणसांना पावसाळाभर स्वस्थ बसता यावे म्हणून गोवर्धनाचे माग चालत होते. ते गोवर्धन आजही गोदेच्या काठी आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. तिसऱ्या लेण्यातील लेखानुसार, उषवदाताच्या भोगवट्यातले 200 निवर्तनांचे शेत त्याने आपल्या राज्यवर्षाच्या 18 व्या वर्षी या डोंगरावरील भिक्षूंना दिले. परंतु सहाच वर्षांनी दुसरा लेख कोरावा लागला: ते गाव ओसाड आहे, शेत पिकत नाही, म्हणून नगराच्या शिवारातली 100 निवर्तने द्यावीत. मला हा लेख पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. दिलेले दान चालते आहे की नाही, हे कोणीतरी पाहिले होते.

ब्रह्मदेशात जन्मलेले आणि तेथेच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले. 1976 साली आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झाले. तेथे दहा दिवस मौन असते, आणि हल्ली फोनही दारातच जमा करावा लागतो. शिबिराची फी नाही. आधी शिकून गेलेल्यांच्या दानातून नव्यांचा खर्च भागतो. उषवदाताला ही रीत ओळखीची वाटली असती.

पण दहा दिवसांची रजा कोणाला मिळते? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट 2022 मध्ये घरच्या घरी करता येईल अशी तोड काढली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की टीव्ही व मोबाइल बंद; मुलांनी अभ्यासाला बसायचे. एकट्या मुलाला फोन ठेव म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता, कारण शेजारच्या खोलीत आईची मालिका चालू असायची. म्हणून ठराव साऱ्या गावाचा झाला, आणि तो पाळला जावा यासाठी अंगणवाडी सेविका, आशा सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. साडेआठला भोंगा पुन्हा वाजे, तोवर दीड तास गाव आपल्या जागी बसलेले असे.