‘रॉयल जॉर्ज’चा अंत

पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजाच्या अंगाला पाण्याच्या पातळीखालीं भोंक पाडणें हें वरकरणीं वेडेपणाचें कृत्य वाटतें. परंतु मोठ्या जहाजाचा संसार अशा भोंकांवांचून चालत नाहीं. डेक धुण्यासाठीं समुद्राचें पाणी आंत घ्यावें लागतें. अलीकडच्या काळांत तर पाण्याची खोली मोजणारें यंत्रही पुष्कळदां तळाला भोंक पाडूनच बसवितात. सुतार हें भोंक मोजूनमापून पाडतो, त्यांत नळी बसवितो, भोंवतालची फट घट्ट भरतो, आणि काम पुरें होईपर्यंत तेथून हलत नाहीं. कारण त्यांतील धोका त्याला पुरता ठाऊक असतो. इंग्लंडच्या आरमाराचें एक प्रचंड जहाज अशाच एका भोंकाच्या दुरुस्तीपायीं बुडालें. मात्र त्या भोंकांतून तें बुडालें नाहीं, हीच त्या घटनेंतील शिकण्यासारखी गोष्ट आहे.

त्या जहाजाचें नांव ‘रॉयल जॉर्ज’. वुलिच येथील गोदींतून तें १७५६ सालीं पाण्यांत उतरलें, तेव्हां त्याच्याएवढें मोठें लढाऊ जहाज जगांत दुसरें नव्हतें. त्यावर शंभर तोफा होत्या. १७५९ सालीं क्विबेरॉनच्या उपसागरांत अ‍ॅडमिरल हॉकनें फ्रेंच आरमाराचा पराभव केला, तो ह्याच जहाजावरून. १७८२ सालीं त्याला सव्वीस वर्षें झालीं होतीं, आणि लांकडी जहाजाला हें वय थोडें नव्हे.

त्या वर्षीं स्पेन आणि फ्रान्स ह्यांच्या सैन्यांनीं जिब्राल्टरला वेढा दिलेला होता. वेढ्यांत सांपडलेल्यांना रसद पोंचविण्यासाठीं लॉर्ड हौ ह्याच्या हुकमतीखालीं पोर्ट्‌स्‌मथसमोर स्पिटहेड येथें आरमार गोळा होत होतें. ‘रॉयल जॉर्ज’वर रिअर-अ‍ॅडमिरल रिचर्ड केम्पेनफेल्ट ह्याचें निशाण होतें. हा पुरुष पूर्वीं हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावर फ्रेंचांशीं लढलेला, आणि जहाजाजहाजांमधील निशाणांच्या खुणांची पद्धति सुधारणारा म्हणून आरमारांत विख्यात होता. खलाशी पळून जातील ह्या भीतीनें त्यांना किनाऱ्यावर जाऊं देत नसत. म्हणून त्यांच्या बायका आणि मुलेंच जहाजावर भेटीला येत. शिवाय फेरीवाले आणि दुकानदार होतेच. अशीं एक हजाराहून अधिक माणसें २९ ऑगस्ट रोजीं सकाळीं त्या जहाजावर होतीं.

काम क्षुल्लक होतें. जहाजाच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या पातळीखालीं सुमारें तीन फुटांवर, डेक धुण्याचें पाणी आंत घेणारी एक तोटी होती. ती नादुरुस्त झाल्यामुळें काढून दुसरी बसवावयाची होती. त्यासाठीं जहाज गोदींत नेण्याचें कारण नव्हतें. डाव्या अंगावर थोडें कलतें केलें कीं उजवीकडील भोंक पाण्याच्या वर येई. ही त्या काळची नित्याचीच रीत होती. सकाळीं सातच्या सुमारास डावीकडील तोफा झरोक्यांतून पूर्णपणें बाहेर सारण्यांत आल्या आणि उजवीकडील तोफा मध्यभागाकडे ओढून घेण्यांत आल्या. जहाज कललें, आणि सुतार कामाला लागले.

परंतु जी बाजू वर आली तिच्याकडे सर्वांचें लक्ष असतां जी बाजू खालीं गेली तिच्याकडे लक्ष राहिलें नाहीं. डावीकडील खालच्या मजल्यावरील तोफांचे झरोके आतां पाण्याला टेंकण्याच्या बेतांत होते. अशा स्थितींत ‘लार्क’ नांवाचें एक लहान गलबत रम दारूचीं पिंपें घेऊन त्याच बाजूला येऊन लागलें. पिंपें वर चढूं लागलीं, आणि त्यांचा व तीं ओढणाऱ्या माणसांचा भार कललेल्या अंगावरच पडला. वाऱ्यानें लाटा उठत होत्या, त्या अधूनमधून झरोक्यांतून आंत येऊं लागल्या. आंत आलेलें पाणी उताराच्या बाजूलाच सांचतें. त्यामुळें जहाज आणखी कलतें, आणि अधिक कललें म्हणजे अधिक पाणी आंत येतें. त्या पाण्यानें बिळांतून बाहेर पडलेल्या उंदरांच्या मागें खलाशी हंसत धांवत होते, असें त्यांतून वांचलेल्या जेम्स इन्ग्रॅम नांवाच्या खलाशानें पुढें सांगितलें आहे.

एका माणसाला मात्र हंसूं आलें नाहीं. जहाजाचा मुख्य सुतार वर जाऊन पहाऱ्यावरील लेफ्टनंटाला म्हणाला, “जहाजाला हा कल सोसणार नाहीं, तें सरळ करण्याचा हुकूम द्यावा.” त्याला तुटक उत्तर मिळालें. तो खालीं आला, पाणी पाहून पुन्हां वर गेला, आणि दुसऱ्यानेंही त्याचा अपमानच झाला. अधिकाऱ्याला जहाज चालवावयास सुतारानें शिकवूं नये, असा त्या उत्तराचा भाव होता. अखेर जहाज सरळ करण्यासाठीं नगारा वाजविण्याची आज्ञा झाली. पण ती वेळ टळून गेली होती. जड तोफा चढावर ओढून नेणें आतां माणसांच्या शक्तीबाहेरचें होतें. कांहीं क्षणांत जहाज आडवें होऊन पाण्याखालीं गेलें. बाजूचें ‘लार्क’ही त्यांत सांपडून बुडालें. केम्पेनफेल्ट आपल्या खोलींत लिहीत बसला होता, असें सांगतात. तो वर आलाच नाहीं. आठशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत बायकामुलें पुष्कळ होतीं. डोलकाठ्यांचीं टोकें पाण्यावर राहिलीं होतीं. कित्येकजण त्यांच्या दोरखंडांना बिलगून वांचले. दोनदां इशारा देणारा तो सुतार मात्र वांचला नाहीं.

सप्टेंबरांत चौकशी झाली. कप्तान वॉगहॉर्न वांचला होता; तो आणि इतर अधिकारी निर्दोष ठरले. जहाजाचीं लांकडें कुजलेलीं होतीं व त्यामुळें सांगाड्याचा एखादा भाग अकस्मात् तुटला असावा, असा न्यायसभेचा निष्कर्ष होता. लांकडें सडलेलीं असल्याच्या साक्षीही झाल्या, आणि तें खोटें होतें असें नव्हे. परंतु लांकडाला स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं, आणि सुतार हयात नव्हता. इन्ग्रॅमची हकीकत वाचकांपुढें आली ती अर्ध्या शतकानंतर.

१८३४ पासून डीन बंधू पाणबुड्याचें शिरस्त्राण घालून ‘रॉयल जॉर्ज’वर उतरूं लागले. तेथें काम चाललें असतांच, १८३६ मध्यें, जवळच कोळ्यांचीं जाळीं कशांत तरी अडकत असल्याचें त्यांना कळलें. तेथें आठव्या हेन्रीचें ‘मेरी रोझ’ हें जहाज सांपडलें. तेंही १५४५ सालीं वळतांना कललें आणि उघड्या राहिलेल्या झरोक्यांतून पाणी शिरून बुडालें, असें बहुतेक अभ्यासक मानतात. दोन जहाजांच्या अंतामध्यें सव्वादोनशेंहून अधिक वर्षांचें अंतर होतें. पाणी मात्र त्याच वाटेनें आंत आलें होतें.

जें भोंक सुतारानें मुद्दाम उघडलें त्याच्यावर त्याचा डोळा होता. जे झरोके रोजच उघडे असत त्यांच्याकडे पाहण्याची कोणालाच संवय उरली नव्हती. आणि ज्यानें पाहिलें त्याचा दर्जा लहान होता. ‘रॉयल जॉर्ज’वरील माणसांच्या जिवाचें मोल एका सरळ वाक्याएवढें होतें. तें वाक्य वेळेवर उच्चारलें गेलें, तेंही दोनदां. ऐकणारा तेवढा मिळाला नाहीं.