किती ग्रॅम, की किती वेगाने? शिरेतल्या चरबीची गोष्ट

रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलात की सुरूचं बन दिसतं आणि जवळच १९५५ पासूनचं नारळ संशोधन केंद्र. तिथले माड बघून कुणाला आयसीयू आठवणार नाही. पण खोबरेल तेलातून वेगळा काढता येणारा एक छोटा भाग आज जगभर रुग्णांच्या शिरेतून थेंबाथेंबाने दिला जातो. तो तिथे कसा पोहोचला हे आज सांगते, कारण त्यात संशोधनाला लागणाऱ्यांसाठी एक धडा आहे.

आधी गरज समजून घ्या. आतडं काम करत नसेल तर रुग्णाला शिरेतून पोसावं लागतं. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, साखरेतून जेमतेम ४. शिवाय लिनोलेइक आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही. अडचण एवढीच, की तेल रक्तात मिसळत नाही. फ्रान्समध्ये विल्यम कोर्टन याने १६७८-७९ च्या सुमारास कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्ह तेल टोचलं. कुत्रा मेला. पुढे १९ व्या शतकात एडवर्ड हॉडर यांनी कॉलराच्या रुग्णांना चक्क गाईचं दूध शिरेतून दिलं! अमेरिकेत सरकीच्या तेलाचं इमल्शन आलं, पण दुष्परिणामांमुळे १९६० च्या दशकात तेही बंद पडलं.

वाट सापडली स्वीडनमध्ये. आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन वापरून १९६१ च्या सुमारास 'इंट्रालिपिड' तयार केलं. कण इतके बारीक, की शरीर त्यांना जेवणानंतर रक्तात येणाऱ्या चरबीच्या कणांसारखंच वागवतं.

मग प्रश्न सुटला का? नाही. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

कार्लसन आणि हॉलबर्ग यांनी १९६३ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून ही चरबी रक्तातून कशी कमी होते ते मोजलं. कण थोडे असतील तर जितके जास्त, तितके जास्त वेगाने जातात. पण एका पातळीच्या वर वेग वाढतच नाही, आलेख सरळ रेषेत उतरतो. कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम. गणपतीच्या दिवसांत एसटी स्टँडवरची तिकीट खिडकी आठवा. खिडक्या तेवढ्याच, माणसं वाढली की फक्त रांग वाढते. इथे रांग म्हणजे रक्तात साचणारी चरबी.

ही रांग जीवघेणी ठरली. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत चरबी आढळली. अमेरिकेत माहितीपत्रकावर चौकटीत इशारा आला: शक्य तितकं सावकाश द्या, ४ तासांत किलोमागे १ ग्रॅमच्या वर कधीच नाही. बघा, मर्यादेत आता 'तास' आला. प्रौढांसाठी पुढे १९९० च्या दशकातल्या आढावा-लेखांत ताशी किलोमागे ०.११ ग्रॅम ही मर्यादा सुचवली गेली.

आता गणित करू. ६० किलोचा रुग्ण, म्हणजे ताशी ६.६ ग्रॅम. २०% इमल्शनच्या २५० मिलीच्या बाटलीत ५० ग्रॅम चरबी. बाटली संपायला किमान साडेसात तास हवेत. तीच बाटली ४ तासांत संपवली तर वेग जवळपास दुप्पट होतो, आणि दिवसाचा हिशेब मात्र तोच दिसतो! दिवसाच्या आकड्याने तासाचा धोका झाकला. (प्रत्यक्षात डॉक्टर रक्तातले ट्रायग्लिसराइड्स बघून वेग ठरवतात. हे गणित समजण्यापुरतं.)

आणि नारळ? खोबरेल तेलात ८ आणि १० कार्बनची स्निग्धाम्लं थोड्या प्रमाणात असतात. ती वेगळी काढून बनवलेली मध्यम साखळीची ट्रायग्लिसराइड्स हेच एन्झाइम लवकर फोडतं, म्हणजे खिडकीवरचं काम पटकन उरकतं. पण त्यांत लिनोलेइक आम्ल नाही आणि एकट्याने दिल्यास कीटोन वाढतात. म्हणून जर्मनीत १९८० च्या दशकात ती सोयाबीन तेलात मिसळून वापरात आली. आजच्या मिश्रणांत ऑलिव्ह तेलही असतं. कोर्टनच्या कुत्र्याला मारणारं तेल तेच, फक्त कणांचा आकार आणि वेग बदलला.

तेव्हा स्वतःचा सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक आकड्याचं युनिट तपासा. छेदात काय आहे, दिवस, तास की काहीच नाही? कधी कधी संशोधनाचा प्रश्न तिथेच लपलेला असतो.