पिकॅन : बागायती वाण

पिकॅन : (शास्त्रीय नाव कॅरिया इलिनॉइनेन्सिस, कुल जुग्लँडेसी). अक्रोडाच्या कुलातील मोठा पानझडी वृक्ष. मूळस्थान मिसिसिपी नदीचे खोरे, टेक्सस व उत्तर मेक्सिको. बियांपासून वाढवलेल्या झाडाची फळे मातृवृक्षासारखी निघत नाहीत, म्हणून वाण कलमानेच टिकवावा लागतो. लुइझियानातील ओक ॲली मळ्यावर आंत्वान या गुलाम माळ्याने १८४६–४७ च्या हिवाळ्यात केलेली कलमे यशस्वी झाली. तोच वाण पुढे ‘सेंटेनियल’ नावाने प्रसिद्ध झाला.

तुलनेचे निकष : फळाचा आकार, गराचे प्रमाण, रोगप्रतिकारशक्ती, पक्वतेचा काळ, फळधारणेतील सातत्य आणि फुलोऱ्याचा प्रकार हे मुख्य निकष होत. गराचे प्रमाण म्हणजे सकवच फळाच्या वजनातील गराचा टक्का. घाऊक खरेदीत भाव बहुधा त्यावरच ठरतो.

दमट प्रदेशातील वाण : जॉर्जियासारख्या पावसाळी राज्यांत व्हेंचुरिया इफ्यूजा या कवकामुळे होणारा खपली रोग वाणाच्या निवडीवर सर्वाधिक परिणाम करतो. मिसिसिपी राज्यातील ‘स्टुअर्ट’ हा जुना वाण फांद्यांनी बळकट असतो, पण उशिरा फळावर येतो व त्यात गर सुमारे ४६ टक्केच भरतो. ‘डिझायरेबल’ची फळे मोठी (किलोला सुमारे ११०) असतात. जादा कोवळी फळे हे झाड स्वतःच गाळते, त्यामुळे उत्पन्न बरेचसे नियमित राहते. मात्र खपली रोगाला ते सहज बळी पडते आणि हंगामात कवकनाशकाच्या अनेक फवारण्या घ्याव्या लागतात. फ्लोरिडातील ‘इलियट’चे फळ लहान व गोलसर (किलोला सुमारे १७०) असले तरी त्याची रोगप्रतिकारशक्ती उत्तम असल्याने कमी खर्चाच्या बागेला तो मानवतो. ‘पॉनी’ (१९८४) सप्टेंबरअखेरीस तयार होतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचा चढा भाव मिळू शकतो. पण झाड मोठे झाल्यावर ते एका वर्षी लदबदते, तर दुसऱ्या वर्षी जेमतेम फळते.

कोरड्या प्रदेशातील वाण : न्यू मेक्सिकोतील मेसिला खोऱ्यात व पश्चिम टेक्ससमध्ये हवा कोरडी असल्याने खपली रोगाचा त्रास नगण्य असतो. टेक्ससमधील सॅन सबा येथील ‘वेस्टर्न’ व १९५९ मध्ये प्रसारित झालेला ‘विचिटा’ हे तेथील प्रमुख वाण होत. ‘विचिटा’त गर सुमारे ६० टक्के, ‘वेस्टर्न’मध्ये त्याहून थोडा कमी भरतो, परंतु ‘विचिटा’ला पाणी व जस्ताची कमतरता सोसत नाही. विम्ल जमिनीत जस्त मुळांना मिळणे कठीण असल्याने ते पानांवर फवारतात. हेच वाण दमट प्रदेशात लावल्यास खपली रोगाने पीक हातचे जाते.

परागण : नर व मादी फुले एकाच झाडावर येतात, पण त्यांचा पक्व होण्याचा काळ सहसा जुळत नाही. पहिल्या प्रकारच्या वाणांत (‘डिझायरेबल’, ‘पॉनी’, ‘वेस्टर्न’) पराग आधी झडतो. दुसऱ्या प्रकारच्या वाणांत (‘स्टुअर्ट’, ‘इलियट’, ‘विचिटा’) मादी फुले आधी परागग्रहणक्षम होतात. परागण वाऱ्याने होते. म्हणून बागेत दोन्ही प्रकार मिसळून लावतात. ‘वेस्टर्न’–‘विचिटा’ ही जोडी याच कारणाने रूढ झाली.

भारतातील लागवड : पिकॅनला हिवाळ्यातील थंडी लागत असल्याने भारतात त्याची लागवड हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर व उत्तराखंडातील डोंगराळ भागात अल्प प्रमाणात आढळते. तेथे लावल्या जाणाऱ्या अमेरिकी वाणांपैकी लांबट, मोठ्या फळांचा ‘मेहान’ हा ‘विचिटा’च्या जनकांपैकी एक आहे.