केस पेपराची धाकटी बहीण

पुणे-नाशिक रस्त्यालगत वारूळवाडी आणि नारायणगाव या दोन गावांची वस्ती एकमेकींत अशी मिसळली आहे की एकाची हद्द कोठे संपते हे ग्रामपंचायतीचे दप्तर पाहिल्यावाचून परक्याला कळू नये. आणि या जोडगावात काय, उभ्या जुन्नर-आंबेगावात काय, दवाखान्याच्या खिडकीशी रोग्याच्या नातलगाला जे पहिले फर्मान ऐकावे लागते ते 'आधी केस पेपर काढा' हेच असते. या कागदाच्या कुळाचा शोध घेताना एक नाते असे हाती लागले की बाकीचा सारा इतिहास मला त्यापुढे दुय्यम वाटू लागला. वैद्यकाच्या वर्गात रोग्याला 'केस' म्हणून मांडावे, असा आग्रह ज्याने विद्यार्थिदशेतच धरला तो तरुण, आणि त्या केसमधून गळालेली रोग्याची कहाणी परत मिळवण्यासाठी जिने आयुष्य वेचले ती बाई, ही दोघे सख्खी भावंडे होती.

कहाणी गळते म्हणजे काय होते, हे पाहायला दूर जाण्याचे कारण नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावरील उपचारांसाठी, आणि ते इतर डॉक्टरांना शिकवण्यासाठी, सर्वदूर परिचित आहेत. आणि या विषयात ज्याला थोडेही गम्य आहे त्याला ठाऊक असते की मण्यारीचा दंश वैद्याच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या कानांची परीक्षा घेतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत चावते; दात इतके बारीक की खूण बहुधा दिसत नाही, सूज नाही, आग नाही; पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होतात, आणि वेळ गेली तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. कागदावर 'पोटदुखी' एवढाच मजकूर उतरला तर रोगी हातचा जातो. 'रात्री कुठे निजला होता' हे विचारणारा त्याला वाचवतो. परंतु याच्याही मागे एक प्रश्न उरतो: तो उघड्यावर निजलाच का? तर शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, तो दारे धरायला गेला होता, आणि पाणी वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत बांधावरच लवंडला होता. उपचाराला हे उत्तर लागत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही जातींवर लस एकच. बरा झालेला माणूस मात्र पुढच्या रात्री पुन्हा त्याच बांधावर जाणार असतो, आणि त्याची खबर केस पेपराला नसते.

आता ती भावंडे. वॉल्टर कॅनन याचे नाव शरीरक्रियाशास्त्रात अजरामर आहे. भय आणि क्रोध यांनी देह लढण्यास वा पळण्यास कसा सिद्ध होतो हे त्यानेच दाखवले. पण आपल्याला हवा आहे तो हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असलेला, तासन्‌तास चालणाऱ्या व्याख्यानांना विटलेला वॉल्टर. त्याच्या खोलीत हॅरी बिगेलो हा कायद्याचा विद्यार्थी राहत असे. कायद्याच्या शाळेत लँगडेल या प्रमुखाने 1870 पासून नियमांची घोकंपट्टी बाजूला सारून प्रत्यक्ष निकालात निघालेले खटले विद्यार्थ्यांपुढे टाकण्याची आणि त्यांच्याकडून वाद घालवून घेण्याची वहिवाट पाडली होती; त्यामुळे बिगेलो आणि त्याचे सोबती जेवणाच्या टेबलावरदेखील खटल्यांवरून हमरीतुमरीवर येत. वॉल्टरला या उत्साहाचा हेवा वाटला, आणि 1900 च्या जानेवारीत त्याने बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून सुचवले की खटल्यांप्रमाणे रोग्यांच्या नोंदी छापाव्यात, वर्गात वाटाव्यात आणि त्यांवर वाद करावा. रिचर्ड कॅबट या डॉक्टरने ही कल्पना उचलली, 1906 मध्ये तिच्यावर पुस्तक काढले, आणि तिथून ती जगभर पसरली.

येथे प्रतिपक्षाला बोलू दिले पाहिजे. कोणी म्हणेल, रोग्याला 'केस' म्हणण्याचा प्रघात इंग्रजीत कॅननच्या पुष्कळ आधीचा आहे. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत तटाजवळ राहणाऱ्या फिलिस्कसच्या आजाराची दिवसवार नोंद आहे आणि तो सहाव्या दिवशी मेला हेही तिथे नमूद आहे. आणि आपल्या वाग्भटाने दर्शन व स्पर्शन यांच्या पंक्तीला प्रश्न बसवला, तो बोस्टन वसण्याच्या हजार वर्षे आधी. हे सर्व मला मान्य आहे. माझा मुद्दा नोंदीचा नाही, नोंदीच्या घाटाचा आहे. फिलिस्कसचा टिपणकार आणि वाग्भटाचा वैद्य हे दोघेही रोग्याच्या अंथरुणाशी आहेत. कॅननच्या वर्गात रोगी हजर नाही, त्याची मिसल तेवढी आहे. त्या मिसलेतून वादाला निरुपयोगी ते सर्व गाळले जाणे क्रमप्राप्तच होते, कारण ती रीत ज्या न्यायालयातून आली तिथे तसेच करावे लागते. आमच्या पेशवाईच्या दप्तरातली कैफियत निदान पक्षकाराच्या मुखाने बोलत असे. बोस्टनहून निघालेली केस तिसऱ्याच कोणाच्या तोंडून बोलू लागली.

आणि हे व्यंग प्रथम जाणवले ते पद्धतीच्या शत्रूंना नव्हे, तिच्या प्रचारकाला. कॅबट मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात बसत. क्षयाच्या रोग्याला विश्रांती, दूध आणि मोकळी हवा लिहून देत, आणि या तीन वस्तू त्याला कोणत्या जन्मी मिळणार हे आपल्या कागदात कोठेच नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. 1905 मध्ये त्यांनी गार्नेट पेल्टन या परिचारिकेला रोग्यांची घरची हकीकत जाणून घेण्यासाठी नेमले. इस्पितळाच्या खजिन्यातून या कामाला पैसा मिळेना, म्हणून प्रारंभीचा भार बराचसा कॅबटनीच सोसला. बसायची जागा म्हणजे बोळातला एक कोपरा. पुढच्या वर्षी तिथे दाखल झाली ती वॉल्टरची सहा वर्षांनी धाकटी बहीण, आयडा कॅनन. मिनेसोटात गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा केलेली, जेन अ‍ॅडम्स यांच्या व्याख्यानाने भारावलेली ही बाई त्या कोपऱ्यातून 1945 पर्यंत हलली नाही, आणि कोपऱ्याचे एक मोठे खाते झाले. भावाने जे गाळण्याची सोय केली ते बहिणीने घरोघर जाऊन वेचून आणले, असे म्हणण्याचा मोह होतो. भावावर त्यात थोडा अन्याय आहे. उतारवयात, 1942 मध्ये, मंत्रतंत्राच्या निव्वळ धास्तीने माणूस कसा मरतो यावर त्याने जो निबंध लिहिला, तो विष न भिनलेल्या दंशानेही गारठून आलेला रोगी पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने वाचावा.

पुढचे टप्पे सर्वश्रुत आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रीटा शॅरन यांनी 1993 पासून विद्यार्थ्यांना एक समांतर केस पेपर लिहायला लावला: इस्पितळाच्या कागदावर जे लिहिता येत नाही पण लिहिल्यावाचून राहवत नाही, ते साध्या भाषेत लिहावे आणि सोबत्यांना वाचून दाखवावे. या शॅरनबाईंनी साहित्याची पदवी मिळवली ती हेन्‍री जेम्सच्या लेखनाचा अभ्यास करून. आणि तत्त्वज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या तरुण वॉल्टर कॅननला त्यापासून परावृत्त केले होते ते हेन्‍रीचे थोरले बंधू विल्यम जेम्स यांनी. हा योगायोग असेलही. मला मात्र बोस्टनच्या त्याच वाड्याचे मागचे दार उघडल्यासारखे वाटते.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1946 मध्ये वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. आज सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक हे आयडाचेच वंशज. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'डॉक्टर असणे म्हणजे काय' याच्या पाठोपाठ 'रोगी असणे म्हणजे काय' हाही पाठ आला. पण मला अधिक रस आहे तो सेवाग्रामच्या महाविद्यालयात. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी स्थापलेल्या या संस्थेत प्रत्येक तुकडीला एक गाव आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबे नेमून देण्याची प्रथा आहे. शिबिरासाठी गावातच मुक्काम करायचा, आणि आजाराच्या आधी घर समजून घ्यायचे. ही प्रथा सरळ गांधींकडून आली, असे सर्वजण म्हणतात, आणि बापूंच्या सहवासात वाढलेल्या सुशीलाबेनच्या बाबतीत ते खोटे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करवत नाही. गांधीहत्येनंतर त्या सार्वजनिक आरोग्य शिकायला गेल्या त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. आणि त्याच हॉपकिन्समध्ये शतकाच्या आरंभी डॉ. चार्ल्स इमर्सन वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना गरीब कुटुंबांच्या घरी धाडत असत, ज्याचे ऋण कॅबट यांनी स्वतः मान्य केले आहे. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर पडते; पण विद्यापीठांच्या भिंतींत असल्या रीती मुरलेल्या असतात, आणि सुशीलाबेननी तिथे काही ऐकलेच नसेल हे मानणे मला जड जाते. तेव्हा माझी वाटणी अशी: प्रेरणा गांधींची, आराखड्यात थोडे बाल्टिमोर. वर्ध्याच्या मंडळींना हे रुचणार नाही. पण आता राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याची ही रीत देशातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला लागू केली असल्यामुळे, तिच्या पितृत्वाचा वाद घालायला दोन्ही पक्षांना भरपूर साक्षीदार मिळतील.