सायलेन्सरच्या पट्टीचं कूळ

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाताना वाटेत एखादी तरी बुलेट भेटतेच, जिच्या इंजिनातून निघणाऱ्या पाइपला मोडक्या हाताच्या बँडेजसारखी तपकिरी पट्टी गुंडाळलेली असते. पोरं तिला हीट रॅप म्हणतात. हौशी लोक मोटारीच्या हेडरलाही, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांनाही, तीच गुंडाळतात. ही टूम शर्यतीच्या गाड्यांवरून आली हे खरं. पण पट्टीचं कूळ मोटारीहून जुनं आहे, आणि मराठवाड्यात तिचे पूर्वज बुलेटच्या कितीतरी आधी येऊन राहिले होते.

मूळ वाफेत आहे. वॉटच्या आधीच्या, न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनात दर फेऱ्याला सिलिंडर गार पाण्यानं थंड व्हायचा आणि तो पुन्हा तापवण्यातच भरमसाट कोळसा जायचा. जेम्स वॉटनं १७६९च्या पेटंटात लिहिलं की सिलिंडर आत येणाऱ्या वाफेइतकाच गरम राहिला पाहिजे, आणि त्यासाठी त्याला लाकडाचं किंवा उष्णता सावकाश सोडणाऱ्या दुसऱ्या कशाचं आवरण घालावं. वॉटचा कंडेन्सर शाळेत शिकवतात. हे आवरण कुणी शिकवत नाही. माझ्या लेखी या पट्टीचा जन्मदाखला तोच.

पुढं रेल्वेच्या बॉयलरवर लाकडी पट्ट्या आल्या, वरून पत्रा आला. लाकूड करपायचं, म्हणून त्या जागी ॲस्बेस्टॉस आला. मराठवाड्यात हा थर रेल्वेबरोबर आला. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-हैदराबाद मीटर गेज लाइन नांदेडवरून गेली. १९११ साली इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. दीडशे पौंड दाबाच्या बॉयलरात पाणी १८५ अंशांच्या आसपास असतं. ती ऊब उघड्या माळरानावरच्या वाऱ्याला द्यायची नाही, हे त्या पत्र्याखालच्या थराचं काम. नांदेडच्या उस्मानशाही मिलसारख्या कापडगिरण्यांत सुताला खळ लावायला वाफ लागे, तिथंही नळांवर हाच थर. आज मांजरा साखर कारखान्यात किंवा तशा कुठल्याही कारखान्यात गेलात तर वाफेच्या नळांवर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा दिसेल. त्याच्या आत ऊब राखणारा जो थर असतो, तेच लॅगिंग.

ॲस्बेस्टॉसची खुबी अशी की तो दगड असून त्याचे धागे निघतात. धागा निघतो म्हणजे दोरी वळता येते, आणि दोरी वाकड्या पाइपवरही गुंडाळता येते. १९२०-३०च्या सुमाराच्या शर्यतीच्या मोटारींना बाहेरून काढलेल्या पाइपांवर अशी दोरी असायची. आपल्याकडं ती डिझेल इंजिनाबरोबर रुळली. जनरेटरच्या पाइपवर ॲस्बेस्टॉसची दोरी, तिच्यावर काचेची लोकर आणि वर पत्रा, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. २००५नंतरच्या लोडशेडिंगच्या काळात लातूरचे दवाखाने, क्लासेस, वसतिगृहं जनरेटरवर तगली. भिंतीतून बाहेर काढलेला तो गुंडाळलेला पाइप त्या दिवसांची खूण आहे.

आता पट्टी नेमकं करते काय? पेट्रोल इंजिनावर पूर्ण जोर आला की हेडरमधला वायू ८०० अंशांच्या पुढं जातो. उघडा पाइप ही धग बॉनेटखाली ओततो. तिथली हवा तापते, विरळ होते, आणि तीच हवा इंजिन आत ओढतं. पट्टी धग पाइपात कोंडते. वायू गरम राहतो, म्हणून वेगानं बाहेर पडतो. शर्यतीत याचा थोडा फायदा होतो. अहमदपूरच्या घाटात गिअर बदलत जाणाऱ्या बुलेटला तो जाणवण्याइतका होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पाय भाजत नाही, एवढा लाभ मात्र खरा.

गुंडाळण्याची रीत साधी आहे. पट्टी पाण्यात भिजवायची, ताणून धरायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर पाव इंच चढवायचा, टोकं स्टीलच्या टायनं आवळायची. पहिल्यांदा इंजिन तापलं की धूर निघतो, करपट वास येतो, मग थांबतो. खरं नुकसान नंतर होतं. पावसाचं पाणी पट्टीत मुरतं, लोखंड आतल्या आत तापत आणि गंजत राहतं. साध्या लोखंडी पाइपवरची पट्टी पुढं कधी सोडली की पापुद्रे हातात येतात. तेल गळून पट्टीत झिरपलं तर आगीची भीती वेगळीच. म्हणून ज्यांना परवडतं ते सिरॅमिकचा थर देऊन पाइप भट्टीत भाजून घेतात. ती विद्या रॉकेटांकडून आली. १९६०च्या दशकात एक्स-१५ या विमानाच्या रॉकेट इंजिनाला झिर्कोनियाचा असा लेप होता.

आजची पट्टी काचेच्या धाग्याची असते. काचेचा धागा कारखान्यात निघू लागला तो १९३०च्या दशकात, अमेरिकेत. महागड्या पट्ट्या बेसाल्टच्या असतात: ज्वालामुखीचा दगड सुमारे १४०० ते १५०० अंशांना वितळवून बारीक छिद्रांतून ओढलेला धागा. देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइट सोडला तर लातूर-नांदेडच्या शेताखाली पसरलेला काळा पाषाण याच कुळातला. ज्या दगडानं आपल्या विहिरी खोदणाऱ्यांना दमवलं, त्याच जातीचा दगड बुलेटच्या पाइपवर आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

वॉटची अट मात्र नव्या गाड्यांनीच खरी पाळली आहे. १ एप्रिल २०२०पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे नवे निकष आले. डिझेल गाडीच्या फिल्टरमधली काजळी जाळायला ५५० अंशांच्या वर धग लागते, म्हणून कंपनीच पाइपाला उष्णतारोधक कवच घालून देते. त्यावर आपण पट्टी चढवायची गरज नाही.

उरली ती जुनी दोरी. ॲस्बेस्टॉसचा धागा श्वासातून फुप्फुसात गेला की आजार वीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवायला सांगितली. रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या पोराची नोंद कुणाकडं असणार? काचेची दोरी आणि ॲस्बेस्टॉसची दोरी नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही. म्हणून मळ्यातल्या जुन्या इंजिनावर किंवा अडगळीतल्या जनरेटरवर पांढरट दोरी असेल, तर ती कोरडी ओढू नका, घासू नका, हवेच्या नळीनं फुंकू नका. पाण्यानं चिंब भिजवा, चांगला मास्क लावा, काढलेली दोरी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, आणि हे काम लहान पोरांना सांगू नका.